चंद्रावतीबाईंचा गुडघा

चंद्रावतीबाईंच्या डाव्या गुडघ्याच्या वाटीखाली, बाहेरच्या अंगाला, बोराएवढी एक जागा होती. अकरा वर्षांपूर्वी शेताच्या बांधावरून पाय घसरला, तेव्हा तिथलं हाड तडकलं होतं. तेव्हापासून वादळ यायच्या आठ-नऊ तास आधी नेमकी तेवढीच जागा ठणकायची.

गोंदियाला बीएस्सी करणाऱ्या नातीने, हर्षिताने, दोन उन्हाळे वहीत नोंदी ठेवून हे पडताळलं होतं. मोबाइलचा अंदाज निम्म्या वेळा चुकला. आजीचा गुडघा एकदाच.

त्यामुळे सालेकशाजवळच्या त्या गावात उन्हाळी धान पसरायचं की झाकायचं, हे बाईंच्या चालीवर ठरू लागलं. विचारायचीही गरज नसे. सकाळी त्या बोरिंगवर लंगडत गेल्या की ताडपत्र्या बांधल्या जात, सरळ गेल्या की सुटत. डॉक्टरांनी गुडघा बदलायला सांगून चार वर्षं झाली होती. "एवढं धान घरी येऊ दे, मंग पाहू," असं त्यांचे यजमान, पुरनलाल, दर हंगामात म्हणत. आणि वर्षात हंगाम दोन होते.

त्या मंगळवारी भाचीचं लग्न होतं. पहाटेपासून गुडघा ठणकत होता. दिवसभर मांडवात बसायचं म्हणून बाईंनी हर्षिताने दिलेली गोळी घेतली. अर्ध्या तासात ठणका गेला. त्या ताठ चालत बोरिंगवर गेल्या आणि दोन गुंड पाणी भरून आणलं. घरी सांगायचं मनात होतं. पण न दुखणं इतकं नवं होतं, की राहून गेलं.

शेजारच्या भैय्यालालने दात घासता घासता हे पाहिलं. "काकी सरळ चालून राहिली!" आठ वाजेपर्यंत गावभर ताडपत्र्या सुटल्या. पुरनलालांनीही धान पसरलं. बायकोला विचारायचं त्यांच्या डोक्यातही आलं नाही. चाल दिसली होती.

दोन वाजता वादळ आलं.

संध्याकाळी बाई आणि हर्षिता परतल्या, तेव्हा अंगणात ओलं धान आणि ओली माणसं होती.

"काऊन वो काकी, दुखलं नाही का?" भैय्यालालने विचारलं.

"दुखलं ना. गोळी खाल्ली."

"गोळी? आमाले न सांगता?"

"माह्या गुडघ्याची गोळी तुमाले विचारून खाऊ?"

"धान बाहेर आहे तोवर तं विचारा!"

"बरोबर बोलून राहिला तो," पुरनलाल म्हणाले. "पंधरा दिवस गोळी बंद ठेव."

"नाही तं गोळी खाल्ली का घरावर लाल फडकं लावत जा," म्हाताऱ्या उदारामने तोड काढली.

बाई ओट्यावर टेकल्या. हर्षिता चिडली. "आजीचं ऑपरेशन कधी करता, ते सांगा ना!"

मग उदारामने हळूच विचारलं, "जुना गुडघा डॉक्टर वापस देते का?"

"नाही," हर्षिता म्हणाली.

"जाऊ द्या," भैय्यालाल म्हणाला. "डावा गेला तं उजवा आहे ना. दोन-चार सालात तोही शिकन."

बाईंनी उजव्या पायाकडे पाहिलं. तो दिवाळीपासून दुखत होता. त्यालाही कामाला लावतील, म्हणून त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

"सोमवारी मी गोंदियाले जाऊन राहिली," त्या म्हणाल्या. "दोन्ही बदलवाले."