सावेटाआजीचा परलोकातला पलंग

सावेटाआजीनं स्वतःचं श्राद्ध स्वतःच घालायचं ठरवलं, कारण सुनेवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. "मी डोळे मिटले की ही बया माणशी दोन सारमाले वाढेल. त्यातही कोबीच्या पानात भात जास्त आणि मांस कमी," असं ती अख्ख्या गावाला सांगत सुटली होती. जिवंतपणी आपलं उरकून घ्यायला रोमानियातल्या या ओल्तेनिया भागात कुणाची ना नसते. गावजेवण घालायचं आणि परलोकात जे जे लागणार ते ते इथं कुणाला तरी दान करायचं. घेणारा इथं वापरतो, देणाऱ्याला ते तिथं मिळतं. व्यवस्था चोख आहे. फक्त घेणारा नीट निवडावा लागतो.

नेमका त्याच आठवड्यात बुखारेस्टहून दोरिन पास्कारू उगवला. वय अडतीस, गळ्यात कॅमेरा, खिशात वही. त्याला म्हणे अस्सल ग्रामीण जीवन बघायचं होतं, जणू गाव ते काचेच्या कपाटात मांडून त्याची वाटच बघत बसलं होतं. विहिरीचं पाणी प्यायला, म्हणाला, "अद्भुत." कोंबडीनं बुटावर घाण केली, तरी म्हणाला, "अद्भुत." सावेटाआजीनं त्याला घरी ठेवून घेतलं, भरतकामाच्या उशांच्या ढिगात झोपवलं आणि सकाळी चौकशी सुरू केली.

"हिवाळ्यात तुझ्याकडे शेगडी कोण पेटवतं?"

"शेगडीच नाही, आजी. भिंतीतल्या नळांतून गरम पाणी फिरतं. जानेवारीतसुद्धा मी बनियनवर असतो."

झालं. आजीचा निर्णय पक्का. पलंग गावातल्या कुणाला दिला तर परलोकातही कुडकुडावं लागणार. याला दिला तर अनंतकाळ ऊब.

रविवारी दोरिन चर्चमध्ये शिरला तो थेट बायकांच्या बाजूला जाऊन उभा राहिला. तिथून त्याला पुरुषांकडे हाकललं, तर वाटेत त्यानं मोठ्या भक्तिभावानं आईच्या नावाची मेणबत्ती मृतांच्या तबकात लावली.

"आईला कधी पुरलं रे?" शेजारच्या म्हाताऱ्यानं हळहळून विचारलं.

"पुरलं? सकाळीच फोनवर बोललो तिच्याशी."

म्हाताऱ्यानं छातीवर तीनदा क्रूसाची खूण केली आणि उरलेली प्रार्थना त्याच्यापासून दोन हात लांब उभं राहून ऐकली.

दुपारी आजीच्या अंगणात सगळी मांडामांड झाली. अक्रोडाच्या लाकडाचा पलंग, लोकरीची गादी, दोन उशा, गोधडी, बादली, आरसा आणि पायाला लाल दोरा बांधलेली जिवंत कोंबडी. पाद्रीबाबांनी धूप फिरवला. आजीनं दोरिनच्या हातात पेटती मेणबत्ती दिली.

"इथं तुझं, तिथं माझं."

"देवाला पोचो," दोरिन शिकवल्याप्रमाणे म्हणाला. नाटकात बारीकशी भूमिका मिळाल्यावर माणसं करतात तसा चेहरा त्यानं केला होता. मग जेवण झालं, आलुबुखाऱ्याची दारू झाली, आणखी थोडी दारू झाली. तेव्हा कुठं त्यानं विचारलं, "हे सामान परत आत कधी नेणार?"

"आत कशाला? तुझ्या घरी जाणार."

"आजी, मी तिसऱ्या मजल्यावर राहतो."

"उत्तम. ओल लागायची नाही."

"पण मला नको..."

"नको म्हणालास तर मी तिथं काय जमिनीवर झोपू?" आजीनं डोक्याचा रुमाल सोडून डोळ्यांना लावला. ज्याला कोंबडीची घाणसुद्धा अद्भुत वाटते त्याला नाही म्हणणं कुठून जमणार. चार गड्यांनी पलंग उचलून रस्त्यावर आणला आणि ते पुन्हा प्यायला निघून गेले. चारची गाडी आली.

ड्रायव्हरनं खिडकीतून बघितलं. "कोंबडी बसेल. पलंग नाही."

समोरच्या फाटकात झांफिरा उभी होती. एका हंसिणीवरून झालेल्या भांडणापासून तिचा आणि सावेटाआजीचा अकरा वर्षं अबोला होता. पण वहीत टिपण्याइतकं हे काही अस्सल नसावं, कारण दोरिननं ते कुणाला विचारलंच नव्हतं.

"मावशी, एवढं ठेवून घ्या. मनापासून देतोय."

"कुणाचं आहे?"

"सावेटाआजीचं."

"मग नाही कशी म्हणू," झांफिरा म्हणाली.

गाडी सुटली. कोंबडी मांडीवर घेऊन दोरिन हात हलवत गेला. बातमी कळताच आजीनं पाद्रीबाबांना गाठलं.

"परत मागून आणू का?"

"दान परत घेतलंस तर तिथं तुझ्या वाट्याला काही उरत नाही."

"मग आता?"

"आता झांफिरा झोपेल इथं, सुख मिळेल तुला तिथं." पाद्रीबाबांचा हात त्या वेळी सारमाल्यांच्या पातेल्यात होता, पण निकाल स्वच्छ होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वर्षांनी आजीनं झांफिराचं दार वाजवलं. आत पलंगभर कांदे वाळत घातले होते.

"अगं, पलंगावर कांदे?"

"मला जमीनच बरी. पाठ ताठ राहते."

"आणि मी काय तिथं अनंतकाळ कांद्यांत लोळू?"

"तुझं तू बघ बाई. तशीही तुझ्या गादीला गाठी आहेत. कोण झोपेल तिच्यावर?"

आजी घरी गेली, स्वतःच्या अंथरुणातली पिसांची गादी काढली आणि पाठीवर लादून घेऊन आली. कांदे उतरले, झांफिरा चढली. मंगळवारी उशी टोचते म्हणाली, आजीनं स्वतःची उशी आणली. बुधवारी रिकाम्या पोटी डोळा लागत नाही म्हणाली, आजीनं सूप आणलं. पुढच्या रविवारी आजी भर चर्चमध्ये तिला विचारत होती, "झोप झाली ना गं शांत?" ते ऐकून पाद्रीबाबांनी क्षमाशीलतेवर पाऊण तास प्रवचन झोडलं आणि बायका हुंदके देऊन रडल्या.

संध्याकाळी आजी सुपाचं भांडं घेऊन आली तेव्हा झांफिरा पिसांत गळ्यापर्यंत बुडून पडली होती.

"आणि तू कुठं झोपतेस गं हल्ली?"

"स्वयंपाकघरातल्या बाकावर."

"हाडं मोडत असतील."

"मोडू देत." आजीनं तिच्या पायांवरची गोधडी नीट खोचली. "मला इथं कुठं कायमचं राहायचंय."