एका पात्याच्या दोन धारा

१४ मे १९८५. तळायच्या गऱ्यांसाठी कच्चा फणस फोडला, हाताला खोबरेल चोपडून बसले आणि बघते तर विळी जागेवर नाही. आमच्या आळीत विळी चोरीला जात नाही. ती अप्पांकडे जाते.

शेजारचे अप्पा पेन्शनीत निघाल्यापासून त्यांना एकच विषय. जयगडच्या खाडीकाठून आणलेला काळा, गुळगुळीत दगड आणि बाजारातून आणलेला कारखान्यातला कार्बोरंडमचा दगड, ह्यांतल्या कुठल्याची धार चांगली? साधा माणूस दोन विळ्या घेऊन बघेल. अप्पांचं म्हणणं, दोन विळ्या म्हणजे दोन लोखंडं, निकाल खोटा. म्हणून ते एकाच पात्याचा खालचा अर्धा भाग खाडीच्या दगडावर घासत आणि वरचा कारखान्याच्या. मध्ये खडूची रेघ. आणि पातं दुसऱ्याचं.

विळी परत येई तेव्हा मागोमाग अप्पाही येत.

"मत द्या, वहिनी. खालची धार जिभेने कापते, वरची दातांनी. मेथीला कुठली बरी?"

"कापतात हो दोन्ही."

"असं मोघम नको. डोळे मिटून कापून बघा."

"अप्पा, मला बोटं हवीत अजून!"

मला दोन्हीकडे कांदाच दिसे. त्यांना मात्र कांदा सोडून सगळं दिसे. एकदा आमच्याकडे पाहुणे जेवायला बसले असताना ते दारात येऊन "बांगड्याचं पोट कुठल्या धारेने फाडलंत?" असं विचारून गेले. पाहुण्यांनी ताटाकडे बघितलं आणि मी भिंतीकडे.

आदल्या आठवड्यात तर चुलीवर भात उतू जात होता आणि हे दारात उभे. सुटका व्हावी म्हणून सांगून टाकलं, "वरची चांगली. दातांची." अप्पांचा चेहरा जरा पडला, त्यांचा जीव खाडीच्या दगडात. पण खिशातून चिठोरं काढून त्यांनी ते मुकाट्याने लिहून घेतलं.

तर, त्या दिवशी तेलकट हातांनीच मी त्यांच्या घरी गेले. अप्पा पडवीत, माझी विळी पुढ्यात, दगड बादलीत भिजतोय.

"अप्पा, गरे वाळून चाललेत माझे! विचारून तरी न्यावी माणसाने."

"पाचच मिनिटं. दगड पाणी पितोय."

तेवढ्यात आतून काकू, अप्पांच्या पत्नी, ओरडल्या. मी धावले. दिवाळीपासून काकूंचा उजवा हात लुळा आहे. त्या त्यांच्या विळीवर बसून एकट्या डाव्या हाताने दुधी रेटत होत्या. बोटावर रक्त, आणि शेजारच्या बोटाला आधीचीच चिंधी.

"काही नाही गो," त्या म्हणाल्या. "नवी धार अडते. जोर लावावा लागतो, मग हात सटकतो. तुझं मत घेऊन लावल्ये म्हणे ह्यांनी."

मी हळद शोधू लागले.

अप्पा दाराशी येऊन उभे राहिले होते. "रविवारी मुलगा येतोय," ते हळू बोलले. "दोघांना मुंबईला नेतो म्हणतो. आईला साधी भाजी चिरता येत नाही, तर इथे राहणार कशी? हिला जायचं नाही. एका हाताने, न दाबता कापेल अशी धार मिळाली तर त्याच्यासमोर बसून चिरून दाखवील. पण हिच्या बोटांवर प्रयोग कसे करू? म्हणून तुमच्या विळ्या."

"मग मला आधीच सांगायचं नाही का?"

"सांगितलं असतं, तर आम्हाला बरं वाटेल ते बोलला असता. मला खरं मत हवं होतं."

काकूंच्या बोटाला हळद बांधली, दुधी चिरून दिला आणि विळी उचलून घरी आले. गरे चिरायचा त्या दिवशी कंटाळा केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधी उजवा हात पदराने कमरेशी बांधला आणि दुधी घेऊन विळीवर बसले. अर्धा वरच्या धारेवर, अर्धा खालच्या. मग भेंडी. मग वांगी. डोळे मिटून बघितलं, एकदा बोट कापलंही. मग अप्पांच्या पडवीत गेले.

"मागचं मत खोडा. खालची धार लावा, खाडीच्या दगडाची. ती अडत नाही."

"आणि मागच्या वेळी?"

"मागच्या वेळी मी कापून बघितलंच नव्हतं."