एबरकोप्फची साखळी

राइनहोल्ड क्वामबुश यांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर झाउअरलांडच्या डोंगरांचा नकाशा पसरला होता, आणि त्यांच्या बायकोने, गुडरूनने, त्यावर मुद्दाम कॉफीची किटली आणून ठेवली होती. डॉर्टमुंडच्या एका पदभ्रमण मंडळाचे ते बरीच वर्षं वाटप्रमुख होते. सप्टेंबरातली सहल आखायची, वाट निवडायची आणि टोपी घालून सगळ्यांच्या पुढे चालायचं, हा त्यांचा मान. पोस्टातून निवृत्त झालेल्या माणसाला दुसरा मान कुठून मिळणार? त्यामुळे हा मान ते जिवापाड जपत.

यंदा मात्र या मानाला नजर लागली होती. आल्मुट फेडर नावाच्या बाई शाळेत कवायत शिकवून नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या आणि मंडळात आल्या आल्या घड्याळाकडे बघून चालायला लागल्या होत्या. मेच्या सभेत त्या उठून उभ्या राहिल्या.

"पत्रकात आपण लिहितो, सुट्टीत भरपूर चालायचं. गेल्या वर्षी आपण भरपूर बसलो. यंदा सहलीनंतर वाटप्रमुखासाठी मतदान होऊन जाऊ दे."

राइनहोल्डना हे झोंबलं, आणि झोंबलेला माणूस जे करतो तेच त्यांनी केलं. यंदा एबरकोप्फ डोंगराचा अख्खा फेरा, असं त्यांनी जाहीर करून टाकलं. चढायचं, खिंडीतल्या खानावळीवरून पलीकडे उतरायचं, जंगलातून वळसा घालून परत. कुरकुरत्या गुडघ्याच्या मंडळींनी घरी बसावं. हे बोलताना त्यांचा स्वतःचा डावा गुडघा टेबलाखाली कुरकुरतच होता.

आता मंडळाचा एक नियम होता, आणि तो पणजोबांच्या काळापासून दगडावरची रेघ. वाटप्रमुखाने त्याच वर्षी स्वतः चालून पाहिलेली नसेल, त्या वाटेवर मंडळाला न्यायचं नाही. आधी रंगीत तालीम, मग प्रयोग. म्हणून जूनमध्ये राइनहोल्ड आणि गुडरून एबरकोप्फ चढले. चढ असा उभा, की खिंडीत पोचेपर्यंत राइनहोल्डना पूर्वज दिसायला लागले. खानावळीचा मालक टोने दारातच उभा होता. पाऊस भुरभुरत होता. त्याने स्ट्रॉबेरीचा केक आणला, वर फेटलेल्या सायीचा डोंगर. तो डोंगर उतरेपर्यंत संध्याकाळ झाली, आणि दोघं आल्या वाटेने परत फिरले.

जुलैत राइनहोल्ड एकटे गेले. ऊन लख्ख होतं, सबब कसलीच नव्हती. पण टोनेच्या बायकोने बटाटे परतायला टाकले होते, त्यात डुकराच्या मांसाचे खरपूस तुकडे, आणि त्या वासापुढे वाटप्रमुखाचं काय चालणार? ऑगस्टात आलुबुखार पिकले आणि त्यांचा केक सुरू झाला. थोडक्यात, खानावळीच्या पलीकडचा अर्धा फेरा राइनहोल्डनी पाहिलाच नाही.

"सांगून टाक ना," गुडरून म्हणाली. "चढ जमला, पुढचं जमलं नाही. त्यात लाज कसली?"

"त्या फेडरबाईच्या हातात आयतं कोलीत देऊ?"

त्यापेक्षा त्यांना दुसरी युक्ती सुचली. पलीकडची वाट इतकी भयंकर करून सांगायची, की लोक आपणहून म्हणतील, नको बुवा. मग वाटप्रमुख मोठ्या मनाने खानावळीतूनच मंडळाला माघारी वळवणार. शेवटच्या सभेत त्यांनी आवाज खाली आणला. खानावळीच्या पुढे एक कडा आहे म्हणाले. सरळसोट. तिथे खडकात लोखंडी साखळी ठोकलेली आहे, तिला धरूनच उतरावं लागतं.

सभेत कुजबुज झाली. इतक्यात फेडरबाईंनी शांतपणे मान हलवली.

"खरंय. मीही परवा तालीम करून आले. साखळी जरा निसरडी आहे."

राइनहोल्डना ते खरंच वाटलं. म्हणजे साखळी खरंच होती! आपण मनाने ठोकलेली साखळी कुणीतरी आधीच ठोकून ठेवलेली, आणि ही बाई ती धरून उतरूनही आली. शिवाय नाव मागे कुणी घेईना. उलट जे दरवर्षी पाठदुखीचं कारण काढायचे, त्यांनीही नावं दिली. साखळीला भिऊन घरी बसला, असं शेजाऱ्यापाजाऱ्यांत म्हणवून घ्यायला त्या वयाचा एकही डॉर्टमुंडकर तयार नव्हता.

सहलीच्या बसमध्ये साखळीशिवाय विषय नव्हता. एक म्हणाला, हातमोजे हवेतच. दुसरीने सांगितलं, खालच्या कड्या गंजल्या आहेत. मंडळाचे अध्यक्ष व्रेडे, जन्मभर दस्तऐवजांवर शिक्के मारलेला सच्चा माणूस, म्हणाले की अशा ठिकाणी तोंड खडकाकडे ठेवावं. राइनहोल्ड खिडकीशी बसून होते. त्यांना खरोखर भीती वाटत होती. मानाची नव्हे, जिवाची.

दुपारी मंडळी घामाघूम होऊन खिंडीत पोचली. राइनहोल्ड म्हणाले, जरा टेकू या. फेडरबाई लगेच हो म्हणाल्या, याचं त्यांना नवल वाटलं. केक आला. कॉफी आली. राइनहोल्डनी दुसरा तुकडा मागवला, फेडरबाईंनी तिसरा. उठायचं नाव कुणीच काढेना. शेवटी गुडरूननेच टोनेला हाक मारली.

"काय हो टोने, पाऊस झालाय रात्री. ती पुढची साखळी फार निसरडी झाली असेल का?"

"कसली साखळी?"

"कड्यावरची."

"कडा?" टोने ताट हातात धरून तसाच उभा राहिला. "अहो बाई, इथून पुढे सपाट डांबरी रस्ता आहे, पार गावापर्यंत. माझी सासू दर रविवारी त्याच रस्त्याने येते, चाकांचा वॉकर ढकलत."

राइनहोल्डनी फेडरबाईंकडे पाहिलं. बाईंचा चेहरा आलुबुखारासारखा जांभळा झाला होता. त्या क्षणी राइनहोल्डना कळलं, की यांचीही तालीम याच टेबलापर्यंत आली होती. एक शब्द बोलले असते, तर बाईंचं कायमचं तोंड बंद. पण मग बाईंनीही एकच शब्द बोलायचा अवकाश होता. दोघंही कपात बघत बसले.

तेवढ्यात अध्यक्ष व्रेडे घसा खाकरले.

"काढून नेली असणार," ते म्हणाले. "मी जुलैत तालमीला आलो तेव्हा होती."

"होती तर," बसमधला हातमोजेवाला म्हणाला. "मी पंधरवड्यापूर्वी धरली होती."

मग गंजलेल्या कड्यांची बाई बोलली, आणि तिच्यामागून एकेक करत सगळेच. अख्ख्या मंडळाने गुपचूप तालमी केल्या होत्या आणि प्रत्येकाने साखळी आपल्या हाताने धरली होती. टोने एकेका ओळखीच्या तोंडाकडे बघत राहिला. पण धंद्याचा माणूस तो, ताट घेऊन निमूट आत गेला.

आता मंडळाला संतापच आला. इतकी गरजेची साखळी, सूचना न देता, कुणाला न विचारता काढली? तिथल्या तिथे ठराव झाला, की वनखात्याकडे रीतसर तक्रार करावी. मसुदा राइनहोल्डनी लिहिला, आणि पोस्टातल्या जन्माची पुण्याई त्यात ओतली. तो वाचून दाखवला तेव्हा टाळ्या पडल्या. सहलीनंतरचं मतदानही तिथेच उरकलं; राइनहोल्ड एकमताने निवडून आले, आणि हात सगळ्यात आधी वर गेला तो फेडरबाईंचा. गुडरूनने तर डोळे मिटून घेतले. मग सगळे सासूच्या रस्त्याने, काठ्या काखोटीला मारून, गावात उतरले.

नोव्हेंबरात वनखात्याचं उत्तर आलं. झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगिरी होती. इतक्या जबाबदार नागरिकांची साक्ष असल्यामुळे साखळी वसंतात पुन्हा ठोकण्याचं ठरलं होतं. फक्त खात्याच्या नकाशावर तो कडा काही सापडेना. तरी वाटप्रमुखांनी जातीने येऊन नेमकी जागा दाखवावी, ही विनंती.

राइनहोल्डनी ते दोनदा वाचलं आणि फेडरबाईंना फोन लावला. बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"क्वामबुश साहेब," त्या हळूच म्हणाल्या, "जागा काय वाटेल ती दाखवा. फक्त खानावळीच्या अलीकडे नको."