सुपरचार्जरला लागली हळद

"मेकॅनिक कशाला पायजे? मी हाय ना!"

सुयोगने हे अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगितलं आणि तिथेच घात झाला!

शहापूरजवळच्या त्यांच्या घरी धाकट्या बहिणीची, कुणालीची हळद होती. लग्न दुसऱ्या दिवशी मुरबाडला. 'तुला मांडवात मीच माझ्या गाडीतून नेणार,' असा शब्द त्याने तिला ती शाळेत असल्यापासून दिलेला! गाडी म्हणजे जुनी जीप, पण पठ्ठ्याने हौसेनं तिला सुपरचार्जर बसवून घेतलेला. इंजिनात जादा हवा कोंबून गाडीला जोर देणारं ते यंत्र ज्या पट्ट्यावर फिरायचं, त्या पट्ट्याच्या पार चिंध्या झाल्या होत्या. सुयोगने कल्याणहून नवा पट्टा आणला, अंगणातल्या पाटावर ठेवला आणि बॉनेटमध्ये डोकं खुपसलं.

थोड्या वेळाने त्याने आईला हाक मारली. "आये, तो पट्टा दे गो!"

सुंदराबाईंनी दिला. पट्टा जरा बुळबुळीत लागला खरा, पण आत्यांनी सकाळीच सुयोगला कपाळापासून बोटांपर्यंत हळदीनं माखला होता. त्याला वाटलं, आपलेच हात बुळबुळीत!

पट्टा चढवून त्याने चावी फिरवली. अरे देवा! बॉनेटमधून अशी किंकाळी उठली की डीजेवाल्याने आपलंच मशीन जळलं समजून गाणं बंद केलं.

"अगो बाय, नवरी रडतेय!" घरातून थोरली आत्या धावली. "आजच कशाला रडतेस? पाठवणी उद्या हाय!"

कुणाली बिचारी लाडू खात होती. आत्याने तिला मिठी मारली आणि स्वतःच हंबरडा फोडला. ते बघून मावशी रडली, मावशीला बघून शेजारीण रडली.

"पट्टा सैल हाय," सुयोग म्हणाला आणि त्याने आवळला. किंकाळी वाढली, रडणंही वाढलं. त्याने आणखी आवळला.

फाट्!

पट्ट्याचा तुकडा उडाला तो थेट त्याच्या वडिलांच्या, सावळारामांच्या टोपीवर! त्यांनी तो उचलून हुंगला. "याला तेल कोनी लावला रं? तेलावर पट्टा घसरनारच!"

"तेल नाय, हळद लावली. तेलात कालवलेली," सुंदराबाई ठणकावून म्हणाल्या. "मुसळाला लावली, जात्याला लावली. नवी वस्तू पाटावर मांडलेली, तिला काय तशीच सोडू?"

सुयोगने आईला नाही नाही ते सुनावलं. आता एवढ्या रात्री दुसरा पट्टा कुठून आणणार? दुसऱ्या दिवशी सकाळी तो तोंड पाडून बहिणीसमोर उभा राहिला. "पट्ट्याशिवाय गाडी चालते, पन जोर नाय. दुसरी गाडी सांगू का?"

"शब्द दिलायस ना? मग गपचूप चालव," कुणाली म्हणाली आणि शालूसकट पुढच्या सीटवर चढून बसली.

चढाला वऱ्हाडाचा ट्रॅक्टर मागून आला आणि हॉर्न वाजवत पुढे गेला. वर बसलेल्या पोरांनी टाटा केला! सुयोगला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"लय हळू चाललीय ना गो?"

"चालू दे, दादा. मला कुठं घाई हाय?"

सुयोगला समोरचा रस्ता एकदम धूसर दिसायला लागला. त्याने शर्टाच्या बाहीला डोळे पुसले. तेवढ्यात मागच्या सीटवरून सुंदराबाई बोलल्याच, "काल किती बोललास मला! बघ, मी हळद लावली म्हनून पोरगी अजून आपल्या गाडीत हाय."

त्याने गाडी आणखी हळू केली.