फाटक्या बाहीचा बोर्ड

डोमाजी पेंटर दुकानाचा बोर्ड कधीच उभं राहून पाहत नसत. रंग वाळला, की कुणाची तरी बैलबंडी मागायचे, तिच्यात आडवे व्हायचे आणि डोळे अर्धवट मिटून त्या दुकानासमोरून जायचे. बोर्ड नजरेत भरला तर ठीक. नाही तर सगळा पुसून पुन्हा रंगवायला घ्यायचे. खेड्यातली माणसं बाजाराला पहाटे निघतात आणि बंडीत पेंगतच येतात, असा त्यांचा अभ्यास होता.

"जागा माणूस काईबी वाचते, मास्तर. झोपलेल्याले उठवते तो बोर्ड!" ते मला सांगायचे. शिंपी म्हणून मी त्यांचा मास्तर.

समुद्रपूरच्या किराणावाल्याच्या बोर्डावर त्यांनी गुळाची ढेप एवढी मोठी काढली, की नावाला जागाच उरली नाही. तो चिडला. "नाव काय चाटाचं आहे? लोकाइले गूळ पाह्यजे," डोमाजी म्हणाले. वाद घालायची सोय नव्हती. कुणी अक्षरांना वेलबुट्टी मागितली, तर ब्रश धुऊन सरळ घरी जायचे.

अशा माणसाच्या हाती मी माझं नशीब दिलं. विदर्भ नुकताच मुंबई राज्यात गेला होता, तेव्हाची गोष्ट. वडनेरची शेती भावांवर टाकून मी शिलाई मशीन घेऊन इथे, बाजाराच्या गावी आलो होतो. गिऱ्हाईक काही येईना. बाबांनी निरोप धाडला, दिवाळीपर्यंत जम बसला नाही तर मशीन बंडीत टाक अन् परत येजो. मला नांगरामागे जायचं नव्हतं. मी डोमाजींना म्हटलं, "मस्त मुंबईचा साहेब काढा. कोट, टाय, हॅट."

"पाह्यतो," ते म्हणाले.

दिवाळीआधीच्या शेवटच्या बाजाराला, सकाळी सकाळी बोर्ड लागला. काळ्या पत्र्यावर पिवळाजर्द सदरा, आणि त्याची बाही कोपराजवळ फाटून लोंबलेली! माझं डोकंच फिरलं.

"शिंप्याच्या दुकानावर फाटका सदरा? काऊन, डोमाजी? लोक हासतीन ना मले!"

"कोट घालून कोण येते इथं? फाटलं तं सगळ्याइचंच आहे, मास्तर." आणि समोरून चाललेल्या एका बंडीत चढून ते आडवे झाले.

थोड्या वेळाने दुसरी एक बंडी दारात थांबली. आतल्या म्हाताऱ्याने डोळे चोळत विचारलं, "इथं फाटकं शिवून भेटते का?" मग मला मान वर करायची फुरसत मिळाली नाही. सदरे, धोतरं, लुगडी, एकाची तर छत्री. जाता जाता कित्येकांनी दिवाळीचं नवं कापडही माझ्याचकडे टाकलं. मशीन आता वडनेरला जाणार नव्हतं. इतकं हायसं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

बाजार उठल्यावर डोमाजी आले. बगलेत गाठोडं होतं.

"हे शिवून होते का तुमच्याकडून?"

गोधडी होती. मधोमध विरलेली, पण बाकी अंगभर बारीक, एकसारखे हातटाके.

"घरच्या बाईनं शिवली होती. ती गेली त्या साली. मशीन नोका लावू. तिचे टाके उसवू नोका. तुमचे बाजूनं घाला."

भर बाजारात बंडीत लोळणारा हा माणूस आता कुणी पाहत तर नाही ना, म्हणून इकडेतिकडे बघत होता. मी मशीन बाजूला सारलं, सुईत दोरा ओवला आणि पहिला टाका तिच्या टाक्याला लागून घातला.

डोमाजींनी मोठा श्वास सोडला.

"मले वाटलं, तुमी हासान," ते म्हणाले, आणि पायरीवर ऐसपैस बसले.