शंभर वर्षांपूर्वीचा मिथुन

सिंदेवाहीच्या अलीकडे, जंगलाला टेकून, सरकारने शंभर वर्षांपूर्वीचं अख्खं गाव उभारलं आणि त्याला 'जिवंत इतिहास संग्रहालय' असं नाव दिलं. पाच वर्षांखालच्या मुलांना प्रवेश मोफत होता. सावली गावाजवळच्या तलावावर मासे धरणारा गोविंदा ढिवर म्हणाला, फुकटात लेकरू शहाणं होत असेल तर सोडा कशाला! रविवारी तो बायको रीता आणि चार वर्षांच्या मिथुनला घेऊन तिथं पोचला.

पहिल्याच झोपडीत चूल, उखळ आणि गुंतलेलं जाळं मांडून ठेवलेलं. आता ढिवराच्या पोराला गुंतलेलं जाळं बघवतं का? मिथुन दोरी ओलांडून आत गेला, मांडी घालून बसला आणि गाठी सोडवू लागला. बघे हरखून गेले. "अगदी अस्सल!" म्हणत नागपूरच्या एका बाईंनी फोटोंचा सपाटा लावला.

संध्याकाळी निघताना गेटवरच्या लोकेशने मिथुनपुढे काठी आडवी धरली.

"याचं तिकीट?"

"फुकट होतं ना, भाऊ."

"म्हणजे नाई. ज्याच्यापाशी तिकीट नाई, तो आतला. आतली वस्तू बाहेर जात नाई."

"वस्तू? माहा पोरगा होय तो!"

रीताने मिथुनला असं कवटाळलं की तो गुदमरला. "सोडा ना जी, लेकराले घरी नेऊ द्या. शेवटची बस जाईन ना बाप्पा!"

संग्रहालयाचे साहेब आले. अत्यंत सहानुभूतीने म्हणाले, "सदर बालक आधुनिक काळातील असल्याचे सिद्ध करा, घेऊन जा. घरी स्वयंपाक कशावर होतो?"

"चुलीवर. सिलिंडर हाये, पण रिकामं."

"पाणी?"

"नळ हाये जी. पाणी विहिरीचं."

"वीज?"

"हाये की! मीटर हाये, खांब हाये."

"दिवा लागतो?"

गोविंदा खरं बोलणारा, तिथंच फसला. "कधी कधी."

"दवाखाना?"

"नवी इमारत हाये. डॉक्टर यायचा हाये."

शेवटचा उपाय म्हणून गोविंदाने खिशातून मोबाइल काढला. साहेबांनी रेंज दाखवायला सांगितली. गोविंदा आधी चवड्यांवर उभा राहिला, मग खुर्चीवर, मग लोकेशच्या खांद्यावर. रेंज काही आली नाही. साहेबांचे डोळे आनंदाने भरून आले.

"अहो, तुम्ही तिघंही आमचेच!"

रडत रडत तिघं झोपडीत शिरले. तेवढ्यात दिवे लागले, कारण इतिहास अंधारात दिसत नाही. मागच्या बाजूला नळ होता आणि तो चक्क धो धो वाहत होता. प्रदर्शनीय वस्तूंची निगा राखायला डॉक्टर येऊन मिथुनची सर्दी तपासून गेला. रीताने डोळे पुसले, ओंजळभर पाणी प्यायली आणि म्हणाली, "आयकलं का, मिथुनचे बाबा? बस गेली तं जाऊ द्या."

सकाळी गोविंदाचा भाऊ धनराज मिथुनचा जन्मदाखला घेऊन धावत सोडवायला आला. गोविंदाने त्याला ओळखच दाखवली नाही. "कोन जी तुमी? मी तं शंभर वर्षांआधीचा." धनराजने नळ पाहिला, डॉक्टर पाहिला, दिवा पाहिला. दुपारपर्यंत तो शेजारच्या झोपडीत लुंगी लावून बसला होता.

तुम्हीही या एखाद्या रविवारी. फोटो काढा, "किती साधे होते पूर्वीचे लोक!" म्हणा, आत कोणी अडवणार नाही. फक्त परतताना लोकेश विचारेल, "तुमच्या घरी नळाले रोज पाणी येते का?" उत्तर जरा जपून द्या. झोपड्या अजून बऱ्याच रिकाम्या आहेत.