दिनूदादाची बिनडिस्कची पंगत

कॉम्प्युटर सुरू करायला तुम्ही-आम्ही बटण दाबतो. आमचा दिनूदादा पंगत बसवायचा!

खरंच सांगते. इस्लामपुरात स्टँडमागं त्याचा कॉम्प्युटर क्लास, आतल्या खोलीत तो आणि त्याची आई राहायचे, आणि मी तिथं नुकतीच शिकवायला लागलेले. एका टेबलावर सर्व्हर, भिंतीकडेनं ओळीत आठ मशीन. त्या आठांत हार्डडिस्कच नाही! सगळं सर्व्हरवरून एकाच काळ्या वायरीतून यायचं. सकाळी दादा एकेक बटण दाबत जायचा, "बसा, बसा. वाढतोय." स्क्रीनवर अक्षरं उमटली की, "हां, ह्यो जेवला!" एखादं रेंगाळलं की त्याच्या पाठीवर थाप, "लाजू नगंस गड्या."

आधी तो कुपवाडला मोटर वाइंडिंग करायचा, त्यामुळं वायरीवर भारी जीव. एकदा झाडताना मी ती नुसती सरकवली, तर केवढ्यानं ओरडला! "मॅडम! एक उठला की पंगत मोडती!" आणि ते खरंच होतं. वायरीच्या दोन्ही टोकांना बोटाच्या पेराएवढं धातूचं टोपण असायचं. तेवढं निघालं तरी आठही मशीन ठप्प!

गावात मात्र चर्चा, "आत डिस्क न्हाई म्हणं. रिकामे डबे हायत." निम्मी पोरं सांगलीच्या क्लासला निघालेली. म्हणून दादानं खंडेनवमीला सगळ्या पालकांना बोलावलं. आज मशीन चालली तर क्लास राहणार, नाहीतर कुलूप.

हार घातले, पालक जमले, दादानं बटणं दाबली.

काहीच नाही! आठही स्क्रीनवर नुसता आकडा पळतोय, सर्व्हर काही सापडेना. मागून कुणीतरी म्हणालं, "पावनं, डब्यात कायतरी घाला की!" हशा.

दादा वायर चाचपत शेवटच्या मशीनपाशी पोचला. टोपण गायब! खिशातनं त्यानं दुसरं काढलंसुद्धा, तेवढ्यात आतून त्याची आई आली. हातात पूजेचं ताट, ताटात निरांजनाशेजारी ते टोपण. लख्ख!

"दिनू, ही टोपी लय काळी पडलेली रं. चिंचेनं घासली." मग सगळ्यांचे चेहरे बघून, "माज्यामुळं अडलं काय?"

आता हा फुटणार! मी डोळेच मिटले.

"न्हाई गं." एवढा हळू आवाज मी त्याचा कधी ऐकला नव्हता. मुठीतलं दुसरं टोपण त्यानं गुपचूप खिशात सोडलं आणि पालकांकडं वळून मोठ्यानं म्हणाला, "आमच्यात सुरुवात आईच्या हातानं असती. तिचीच वाट बघतोय!"

घासलेलं टोपण शर्टाला कोरडं पुसलं, तिची बोटं धरून वायरीवर बसवलं, फिरवलं. आणि एकामागोमाग एक आठही स्क्रीनवर अक्षरं! काय टाळ्या पडल्या! दोन बापांनी तर तिथंच पोरांची नावं घातली.

दसऱ्यानंतर पहिल्या दिवशी मी जरा लवकर गेले. दादा शेवटच्या मशीनपाशी वाकून, चांगलं घट्ट बसलेलं टोपण काढून ठेवत होता. मला बघून ओशाळला. मग आतल्या खोलीकडं तोंड करून हाक मारली,

"आई, ये की गं. तुज्याबिगार चालूच हुईना!"